गेलेल्या गाडीला

तू हरवला नाहीस. बोट टेकलं की येतोस. फोनच्या काचेवर, मागितलं तेव्हा, मागितलं तिथून, आणि तसाच्या तसा बोलू लागतोस. तुझी लाल बस तितकीच लाल आहे. तुझ्या खिडक्यांतला वारा अजून त्याच बाजूनं येतो. तुझ्या माणसांच्या केसांत पांढरं येत नाही.

मग हे सुतक कुणाचं?

तुझंच. जे गेलं त्याला मला वेगळं नाव देता येत नाही, म्हणून तुझं घेते. ‘नवरा माझा नवसाचा’. साल २००४. सचिन पिळगांवकरांनी काढलेला, त्यांनीच आणि सुप्रियाताईंनी नवराबायको होऊन खेळलेला, अशोक सराफांनी कंडक्टर होऊन मुक्कामाला नेलेला एक हसरा, गोंधळी, भाबडा सिनेमा.

तेव्हा तू घरात यायचास. आता हातात येतोस.

हातात येणाऱ्याला बसायला चटई पसरावी लागत नाही. कुणाला हाक मारावी लागत नाही, अगं ये, सुरू झाला. उशिरा आलेल्याला आतापर्यंत काय झालं ते सांगावं लागत नाही. मी एकटी तुला बघते, एकटी थांबवते, एकटी मिटते. काच काळी होते आणि तीत माझाच चेहरा दिसतो. त्या चेहऱ्याच्या आजूबाजूला कुणी नसतं.

एका बापानं देवाला शब्द दिला होता. मूल होऊ दे, उघडंनागडं तुझ्या दारी आणीन. मूल झालं. शब्द राहून गेला. मूल वाढलं, वक्रतुंड नावाचा पुरुष झालं, वॅकी झालं, त्याचं लग्न झालं, आणि राहिलेला शब्द त्याच्या मागं मागं चालत राहिला, सावलीच्या जातीचा, दुपारी पायाखाली दडलेला आणि दिवस कलला की लांबच लांब.

बायकोला ते कळतं. तिचं नाव भक्ती. ती निघायचं ठरवते.

मुंबईहून गणपतीपुळं. एसटीनं. बाकी सगळा रस्ता.

लोक तुला विनोदी म्हणायचे, आणि होतासच तू. पण मला तू प्रेमाचा सिनेमा वाटत आलास. इतरांचं प्रेम मांडवापाशी येऊन थांबायचं. तुझं मांडवाच्या पुढं निघालेलं होतं, भांडून झालेलं, एकमेकांची घोरणी ऐकून झालेलं. चारचौघांत, देवासमोर, अंगावरचं वस्त्र उतरवायचं या विचारानंच नवरा अर्धा झालाय, आणि ती त्याच्या शेजारच्या जागेवर बसून आहे. घाट चढेपर्यंत. घाट उतरेपर्यंत. एकाची लाज दुसऱ्यानं वाटून घ्यायची, याहून मोठं काही मला अजून प्रेमाच्या गोष्टींत सापडलेलं नाही. पडद्यावरच्या त्या दोघांचं लग्नही खरंच होतं. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ १९८४चा, आणि लग्न १९८५चं. तुझ्यात ती रागावली की तो राग घरातला वाटायचा, वर्षानुवर्षं वापरून मऊ झालेला.

आमच्या वाडीला नवस समजावून सांगावा लागत नाही.

नरसोबाच्या वाडीत पहाट होते तीच कुणाच्या तरी नवसानं. अजून उजाडलेलं नसतं. कृष्णेच्या पायऱ्यांवर पाणी हलल्याचा आवाज येतो. कुणीतरी बुडी घेतं, वर येतं, ओलेत्यानं देवाकडं चालू लागतं, आणि काळ्या दगडावर उमटलेली पावलं मागच्याची पावलं पडेपर्यंत सुकत नाहीत. कुणाला मूल हवं. कुणाचं पोर अंगानं धरत नाही. कुणाचं माणूस बोलायचं थांबलंय. विजापूरच्या आदिलशहानं लेकीच्या डोळ्यांसाठी इथं हात जोडले होते, अशी कथा सांगतात, आणि सांगणारे अजूनही ती कालच घडल्यासारखी सांगतात.

कृष्णा आणि पंचगंगा जिथं एक होतात तिथं, औदुंबराच्या सावलीत, मनोहर पादुका. नृसिंहसरस्वती बारा वर्षं इथं राहिले आणि गाणगापूरला निघून गेले. मागं पावलं राहिली. गेलेल्याची पावलं पुजणारं गाव हे. इथं जाणं म्हणजे काय ते दगडालाही कळतं.

आणि वाडीचा काळही बारा-बारानंच पुढं सरकतो. बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत येतो, गंगा कृष्णेच्या भेटीला येते आणि वर्षभर राहते. कन्यागत. पालखी शुक्लतीर्थावर जाते, आणि नदी नुसती नदी राहत नाही, पाहुणीचं घर होते.

२००४ साली गंगा आली होती. त्याच साली तू आलास.

त्या वर्षी वाडीत कुठलंच घर एका घराचं नव्हतं. आमचंही. यजमान यायचे, यजमानांचे यजमान यायचे, वळकट्या सोप्यात, पातेली परड्यात, ओली धोतरं आणि लुगडी दोरीवर इकडून तिकडं, आणि रात्री शेजारती झाली, घाटावरचे दिवे मंदावले, पेढ्यांच्या आणि कवठाच्या बर्फीच्या दुकानांची फळ्यांची दारं एकामागून एक लागली, की वर येणारी माणसं आमच्या सोप्यात थबकायची, कारण सोप्यात कोनाड्याखाली टीव्ही होता, टीव्हीखाली सीडीचा प्लेअर होता, आणि कुणीतरी, बहुतेक वेळा माझा भाऊ, जयसिंगपूरच्या बाजारातून आणलेली ती चकती दोन बोटांत कडेनं धरून आत सरकवायचा, पडदा आधी निळा व्हायचा, त्या निळ्यात सगळ्यांचे चेहरे एका घरचे दिसायचे, इचलकरंजीचे, मिरजेचे, बेळगावचे, रायबागचे, आणि मग तू यायचास.

हशा दोनदा यायचा. आधी आमचा. मग थोड्या वेळानं कानडी माणसांचा, कुणीतरी कुणाच्या कानात सांगितल्यावर. त्या दोन हशांच्या मधली ती जागा. ती जागा मला आता कुठं मिळेल? तिथं आमचे कान वाट बघायचे. आता ते हसतील. आता. आणि ते हसले की आम्ही पुन्हा हसायचो, त्याच विनोदाला, त्यांच्या हसण्याला.

अशोक सराफांना मात्र कानात सांगावं लागायचं नाही. त्यांनी नुसती मान वळवली की सोपा एकदम फुटायचा, दोन्ही भाषांत.

बाई, आता तुमच्याशी बोलते.

तुम्ही चिकोडीकडून आला होता. सेवेला. सासूबाई बरोबर होत्या. तुम्ही कशासाठी आलात हे कुणी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. सेवेला आलेल्या माणसाला वाडीत विचारत नाहीत. पहाटे स्नान, मग प्रदक्षिणा, ऊन चढेपर्यंत प्रदक्षिणा, दुपारची महापूजा, पुन्हा प्रदक्षिणा. तुमची पावलं मला आवाजावरून कळू लागली होती. एक पैंजण बोलायचं, दुसरं मुकं होतं.

रात्री तुम्ही उंबऱ्याशी बसायचा. आत यायचा नाहीत. बाहेरही थांबायचा नाहीत. आई म्हणायची, आत या की ओ, जागा हाय. तुम्ही नुसती मान हलवायचा. निळा उजेड तुमच्या गुडघ्यापर्यंत यायचा, तिथून वर अंधार, आणि अंधारात दोन डोळे, त्यांत इवला इवला टीव्ही.

ज्या रात्री हा सिनेमा लागला त्या रात्री सासूबाई आत झोपल्या होत्या. वॅकीच्या बापाचा नवस पडद्यावर आला. मूल होऊ दे. उघडंनागडं आणीन. सोपा हसून हसून लोळत होता. मी मागं वळून बघितलं. तुम्ही पदर तोंडावर घट्ट धरला होता. खांदे हलत होते. इतके हलत होते, की दाराच्या कडीला लावलेली साखळी खुळखुळत होती. आईनंही वळून बघितलं. ती पुन्हा पुढं बघू लागली नाही. तुमच्याकडंच बघत राहिली, आणि तिचं हसू तिच्या तोंडावर जसं होतं तसंच उभं राहिलं.

मग बस निघाली. तुम्ही पदर खाली घेतला. बस निघाल्यावर तुम्ही एकदाही नजर काढली नाहीत. ती दोघं जात होती ना. देवाकडं. एसटीनं. तुम्हीही तशाच आला होता, मांडीवर पिशवी, खिडकीचे गज धरून. सोपा विनोदाला हसत होता आणि तुम्ही रस्ता बघत होता. मध्येच सोनू निगमच्या आवाजातलं हिरव्या रानाचं गाणं आलं तेव्हा तुमच्या पायाचा अंगठा जमिनीवर ताल धरत होता. ते मी पाहिलं. तुम्हाला ते कळलंही नसेल.

आणि लाइट गेली.

चित्र मिटत मिटत एका ठिपक्याएवढं झालं. ठिपका थोडा वेळ राहिला. मग तोही नाही. सोप्यात सगळे एकदम आह् म्हणाले, आणि मग कुणी काडी ओढली, कुणी कंदील शोधू लागलं, कुणी उठून अंग मोडलं. नदीकडून गार वारा आला. येईल येईल म्हणत बसलेले एकेक करून आडवे झाले. तुम्ही बसून होता. अंधारात तुमचा आवाज आला, कानडी वळणाचा, अगदी खालच्या पट्टीतला.

‘फेडला का हो त्यांनी शेवटी?’

आई म्हणाली, ‘उद्या बघू. लाइट आली की लावते म्हण पहिल्यापासून.’

तुमची सेवा त्या दिवशी पुरी झाली होती. पहाटेच्या गाडीनं तुम्ही गेलात. लाइट दुपारी आली.

दुसरी सीडी आम्ही त्या दुपारी लावली. सोप्यात ऊन होतं, पडद्यावर ऊन पडून चित्र फिकट दिसत होतं, आणि बघायला घरचेच तेवढे. शेवट आला. सगळे हसले. आई हसली नाही. ती उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली, रस्त्याकडं तोंड करून, गाडी गेल्यावर माणसं उभी राहतात तशी.

तुझी बस, सिनेम्या, एका बाईच्या मनात अजून घाटातच आहे. तिच्या मनात ती दोघं अजून पोचलेली नाहीत. भक्ती अजून त्याच्या शेजारी बसली आहे, वॅकी अजून लाजेनं अर्धा झालाय, बाहेर झाडं मागं पळताहेत, आणि पुढं समुद्र आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात नदी घरात आली.

वाडीत ते दर वर्षी थोडंथोडं होतंच. तुझ्या गोष्टीत माणूस देवाकडं जातो. आमच्याकडं नदी जाते. पायऱ्या चढत, एकेक दगड मागं टाकत, कुणाला न विचारता, ती देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, आणि त्या दारातल्या पाण्यात उभं राहायला लोक रात्री-अपरात्री धावत येतात. दक्षिणद्वार. देव वर हलवले जातात. घंटेचा आवाज पाण्यावरून वेगळाच येतो, पसरट, दिशा नसलेला.

पण २००५चं पाणी देवळात थांबलं नाही. ते गल्लीत आलं. सोप्यात आलं. कोनाड्यापर्यंत आलं. आम्ही कुरुंदवाडच्या बाजूला नातेवाइकांकडं होतो. परत आलो तेव्हा भिंतींवर पाण्यानं आपली उंची लिहून ठेवली होती आणि सगळ्या घराला नदीच्या पोटातला वास होता.

तुझ्या दोन्ही चकत्या गाळात सापडल्या.

भावानं त्या धुतल्या, शर्टाला पुसल्या, प्लेअर तर गेलाच होता, म्हणून शेजारी नेऊन लावून बघितल्या. निळा पडदा. नुसता निळा. त्यानं एक चकती उन्हात धरली. सात रंग दिसले. तू दिसला नाहीस. इतकं सगळं, ती बस, ती माणसं, तो घाट, सोप्यातले दोन्ही हशे, सगळं त्या पातळ काचेसारख्या गोलात कुठंतरी होतंच, आणि आमच्याकडं फक्त उजेड परत येत होता.

हिवाळ्यात काकांनी त्या चकत्या मळीत नेल्या. कृष्णाकाठची वांगी. पाखरं फार. त्यांनी दोन काठ्या रोवल्या, दोऱ्यानं तुला टांगलं. पहिली सीडी एका काठीवर, दुसरी दुसऱ्या. वाऱ्यानं तू गरगर फिरायचास आणि वांग्याच्या पानांवरून, नदीच्या पाण्यावरून, पलीकडच्या औरवाडच्या काठावरून उजेडाचा एक तुकडा धावत जायचा. पाखरं उडायची. मी बांधावर बसून बघत राहायचे. तू कुणाला हसवत नव्हतास, रडवत नव्हतास. नुसता लखलखत होतास. सुरुवात एका काठीवर, शेवट दुसऱ्या काठीवर, मध्ये वांग्याच्या दोन सऱ्या. दोघांचे तुकडे कधी कधी पाण्यावर एकमेकांना भेटायचे, तेवढ्यापुरते.

पुढं कधीतरी तेही गेलं. दोरा कुजला असेल, वारा आला असेल. मळीनं तुला घेतलं. २०१९चं पाणी आलं, २०२१चं आलं, गाळावर गाळ चढला. त्या गाळात कुठंतरी तू आहेस. भक्ती आहे, वॅकी आहे. बापाचा शब्द आहे.

किती माणसं उतरून गेली रे तुझ्या गाडीतून.

प्रदीप पटवर्धन गेले, ९ ऑगस्ट २०२२. अतुल परचुरे गेले, १४ ऑक्टोबर २०२४. माझ्या काचेवर दोघंही अजून बोलतात, डोळे मोठे करतात, श्वास घेतात. मी त्यांच्या हसण्यावर थांबवते आणि काच तशीच धरून बसते. थांबवलेलं हसू फार वेळ बघवत नाही. त्यात आवाज नसतो. ओठ उघडे असतात, आणि त्या उघड्या ओठांतून काही येत नाही.

आणि लक्ष्मीकांत बेर्डे. तो तुझ्या गाडीत नव्हताच. तरी मी त्याला तुझ्यात शोधते. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ची. सचिन आणि अशोक सराफ एका चौकटीत आले की डोळे आपोआप तिसऱ्याला शोधायला लागतात. तुझं वर्ष संपता संपता, १६ डिसेंबर २००४ला, तो गेला. त्या रात्री आमच्या सोप्यात टीव्ही लागला नाही. यजमानांतल्या कुणी लावा म्हटलं नाही. कन्यागताची एवढी गर्दी, आणि सोपा बिनआवाजाचा, प्रत्येकजण आपापल्या वळकटीवर बसून, कुणीतरी गेल्याच्या घरी बसतात तसा.

आता तुझी गाडी सुरू होते तेव्हा मला प्रत्येक जागेवर कोण बसलंय यापेक्षा कुठली जागा उद्या रिकामी होणार हेच दिसतं. खिडकीतला उजेड मात्र कुणाला ओळखत नाही. भरल्या जागेवर पडतो तसाच रिकाम्या जागेवर पडतो.

एसटीचं तरी काय राहिलं? १ जून १९४८ला पुण्याहून नगरकडं पहिली गाडी सुटली, तेव्हापासूनच्या किती माणसांनी आपले नवस मांडीवर धरून तीतून प्रवास केला असेल. कंडक्टरच्या हातातला तो पंच. टक्, टक्, पेटीवर, दांडीवर, झोपलेल्याच्या कानाशी. रंगीत तिकिटांचे गठ्ठे. आता छोटं यंत्र आहे, पांढरी पट्टी बाहेर येते, तीवरची अक्षरं चार दिवसांत उडून जातात. वाडीच्या स्टँडवर मी उभी असते. गाडी येते. माणसं चढतात, बसतात आणि प्रत्येकाच्या हातात एक उजेडाचा तुकडा उगवतो. खाली घातलेले चेहरे, खालून उजळलेले. कुणी कुणाला विचारत नाही, कुठल्या गावचे. तुझ्या गाडीत सगळेच विचारायचे. वैताग यायचा इतकं विचारायचे. त्यातूनच तुझा सगळा विनोद व्हायचा, आणि त्यातूनच कंडक्टरला त्या दोघांचं दुःख कळायचं.

तू जुना झालास, हे खरं आहे. मी तुला लपवणार नाही. तुझे रंग भडक आहेत. तुझा आवाज चढा आहे. काही विनोद मला आता टोचतात, आणि त्या वेळीही सोप्यात कुणाला तरी टोचत असतील, हशाच्या गदारोळात. आमच्या धाकट्यांना मी तुला दाखवायला बसवलं. त्यांनी बघितलं थोडा वेळ, मान ठेवून. आत्या, फोन करून सांगत का नाहीत, असं एकानं विचारलं. मी काय सांगू? जगात तेव्हा वाट बघण्याला जागा होती, एवढंच माझ्याकडं आहे, आणि ते त्याच्या उपयोगाचं नाही. तो उठून गेला. राग आला नाही मला. त्याच्या वयाचा एक वेगळा उजेड आहे, आणि तू त्या उजेडात दिसत नाहीस.

२०१६ला गंगा पुन्हा आली. घाट धुतले होते, रस्ते रुंद झाले होते, दिव्यांच्या माळा नदीच्या पार पलीकडंपर्यंत. यजमान आले, पण लॉजवर उतरले, भक्त निवासात उतरले, सकाळी आले आणि संध्याकाळी गेले. सोपा झाडून ठेवला होता. चटई भिंतीशी गुंडाळून उभी होती. शेजारतीनंतर मी दार उघडं ठेवलं. गर्दी होती, फार मोठी होती, दारावरून वाहत गेली, पण उंबऱ्याशी कुणी बसलं नाही.

२० सप्टेंबर २०२४ला तुझा दुसरा भाग आला. या वेळी कोकण रेल्वे, या वेळी अशोक सराफ टीसीच्या काळ्या कोटात. मी गेले होते. थंडगार हॉल, मऊ खुर्ची, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दांड्या. लोक हसले. मीही हसले. मग सवयीनं वाट बघत राहिले. दुसऱ्या हशाची.

आला नाही.

अंधारात मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. सगळ्यांना सगळं एकाच वेळी कळलं होतं. कुणी कुणाच्या कानात काही सांगत नव्हतं. महिनाही झाला नाही तोवर परचुरे गेल्याची बातमी आली, आणि माझ्या मनात रेल्वे नव्हतीच, ती जुनी बस होती, आणि तिच्यातून एकजण खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभा होता, हात हलवत.

आई गेली त्याला आता काही पावसाळे झाले. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती, नावं उलटसुलट व्हायची, पण एकदा संध्याकाळी, धुपारतीच्या सुमाराला, पश्चिमेचं ऊन तिच्या अंथरुणावर आलं होतं आणि ती त्या उन्हाकडं बघत मला म्हणाली, ‘त्या बाईंना कळवलंस का गं?’

कुठल्या बाईंना, असं मी विचारलं नाही.

‘कळवते,’ म्हटलं.

शब्द दिला. मीही. आणि तो आता माझ्या मागं मागं चालतो.

२०२८ला गुरू पुन्हा कन्येत येईल. गंगा येईल. पालखी शुक्लतीर्थाला निघेल. तुम्ही याल का, बाई? तुमचे गुडघे आता पायऱ्या उतरू देतात का? पैंजण घालता अजून? तुमच्या बरोबर कुणी येईल का, वीस-बावीस वर्षांचं, तुमच्या डोळ्यांचं, कंटाळलेलं, फोनमध्ये मान घातलेलं? की तुम्ही एकट्याच याल, पिशवी मांडीवर, आणि स्टँडवर उतरून जुन्या सवयीनं आमच्या गल्लीकडं वळाल?

सोपा तोच आहे. टीव्ही आता भिंतीवर आहे. तुम्ही आलात तर मी तो सिनेमा पहिल्यापासून लावेन, आईनं सांगितलं होतं तसा, आणि लाइट गेली तरी तो थांबणार नाही, फोनवर चालू राहील, मी तुमच्या हातात धरायला देईन. आत या म्हणणार नाही. उंबऱ्याशीच बसा. मी तुमच्या शेजारी बसेन. जिथं कळणार नाही तिथं कानात सांगेन. मोडकं कानडी येतं मला.

पण तुम्ही आला नाहीत तर? नदीचा काय भरवसा, माणसाचा काय? म्हणून इथंच सांगून टाकते, मोठ्यानं, चिकोडीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. बाई, ऐका. गाडी घाट उतरली. पोचली गणपतीपुळ्याला. पुढं समुद्र होता. नवस फिटला त्यांचा. दोघंही हसत होती.

आता तुमचं सांगा.